कारण: इतर

गाणी ऐकायची नोकरी आहे म्हटलं की लोक धाकटीकडे असे बघायचे, जसं काही तिला झोपाळ्यावर बसायचाच पगार मिळतो. पण ते ऐकणं म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक. दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक खोली. खोलीत सात खोकी, एकेक माणूस कसाबसा मावेल एवढी. भिंतींना आतून अंड्यांच्या ट्रेसारखा खडबडीत फोम. आत बसायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि बाजारात जाणारी प्रत्येक रेकॉर्ड पहिल्या सुरापासून शेवटच्या खरखरीपर्यंत ऐकायची. शिवीगाळ सापडली, मारामारी सापडली, चावटपणा सापडला, की रेकॉर्डवर लाल स्टिकर लागायचा: ‘सावधान! फक्त मोठ्यांसाठी.’

त्या ऑफिसचा एक नियम मात्र जगावेगळा होता. गाणं स्वच्छ असेल तर ते संपल्या संपल्या हिरवं बटण दाबायचं. सात आकडे मोजेपर्यंत बटण दाबलं नाही, तर यंत्र आपलं आपण कागदाच्या पट्टीवर टक्‌ करून लाल ठिपका मारणार. पूर्वी असं नव्हतं. पण तिसऱ्या खोक्यातला गुणगुण्या रेकॉर्ड लावून द्यायचा आणि खाली चहाला जायचा. एकदा तो चहावर असताना अशी एक रेकॉर्ड बाजारात गेली, की ऐकून एका शाळेतल्या बाकांनासुद्धा लाज वाटली म्हणतात. तेव्हापासून मोठ्या साहेबांनी भिंतीवर पाटीच लावली: ‘न ऐकलेलं गाणं ते घातक गाणं.’

तर त्या सोमवारी धाकटीच्या टेबलावर आली तिच्या थोरल्या जावेची रेकॉर्ड.

थोरली पाळणाघरात होती. बावीस लेकरं. दुपारी एकच्या ठोक्याला ती पाळण्यांच्या मधोमध स्टुलावर बसायची, गळा साफ करायची, आणि दोन अंगाया होईपर्यंत बाविसच्या बावीस आडवी. तिच्या आवाजाची ख्याती अशी, की रस्त्याच्या पलीकडच्या न्हाव्याने दुपारची दाढी करणंच बंद केलं होतं. गिऱ्हाईकही पेंगायचं आणि वस्तराही. लेकरांच्या आयांनीच हट्ट धरला, थोरलीला स्टुडिओत नेलं, आणि बारा अंगायांची रेकॉर्ड काढली.

‘घरचीच आहे, काय त्यात ऐकायचं,’ असं म्हणत धाकटीने हेडफोन लावला. दोघी एकाच घरात राहायच्या, थोरली खाली, धाकटी वर, आणि नेमकं त्या आठवड्यात कपडे वाळत घालायच्या दोरीवरून दोघींचं वाजलेलं होतं. थोरलीची पांघरुणं सगळी दोरी अडवतात, असं धाकटीचं म्हणणं. त्यामुळे तिने अगदी नाक मुरडूनच सुई रेकॉर्डवर ठेवली.

पहिल्या गाण्याचं पहिलं कडवं तिने ऐकलं. दुसऱ्या कडव्यात कुणीतरी चांदण्यांना पांघरूण घालत होतं, एवढं तिला आठवतं. पुढचं आठवतं ते एकदम जेवणाची घंटा.

धाकटी दचकून उठली. गालावर फोमचे खड्डे उमटले होते. रेकॉर्ड संपून नुसतीच गरगरत होती. पट्टीवर ओळीने लाल ठिपके, एक ना दोन, बाराच्या बारा! ती हात घालणार, तोवर पट्टी सर्रकन भोकातून खालच्या मजल्यावर, स्टिकरवाल्यांकडे पसार.

कामावर झोपायची तिची ही तिसरी खेप होती. पहिल्यांदा बासरीच्या रेकॉर्डवर झोपली, तेव्हा साहेबांनी समज दिली. दुसऱ्यांदा शेतकी भाषणांच्या रेकॉर्डवर झोपली, तेव्हा लेखी घेतलं. तिसऱ्या वेळेस थेट घरी, असं त्या कागदावर तिचीच सही होती.

दुपारी खालून फॉर्म आला. ‘लाल ठरवण्याचं कारण काय?’ खाली चार चौकोन: शिवीगाळ, मारामारी, चावटपणा, इतर.

धाकटी पेन धरून बसून राहिली. ‘झोप’ असा चौकोनच नव्हता. शिवीगाळ म्हणावं, तर थोरलीच्या तोंडून कधी ‘मेल्या’सुद्धा गेलेलं नाही. मारामारी? चांदण्यांची? आणि चावटपणावर खूण केली, तर घरी पाऊल टाकायची सोय उरणार नाही. शेवटी तिने डोळे मिटले आणि त्यातल्या त्यात सगळ्यात निरुपद्रवी चौकोन निवडला.

इतर.

तिथेच घोटाळा झाला. शिवीगाळ लिहिलं असतं, तर लोक म्हणाले असते, ‘हां, शिव्या होय, त्या घरी मिळतात.’ मारामारी लिहिलं असतं तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण रेकॉर्डच्या वेष्टनावर झोपलेल्या बाळाचं गोंडस चित्र, आणि बाळाच्या बरोब्बर पोटावर लालभडक स्टिकर: ‘सावधान! फक्त मोठ्यांसाठी. कारण: इतर.’

आता ‘इतर’ म्हणजे काय? ज्याने त्याने आपापल्या मनाप्रमाणे त्यात भरावं, इतकी रिकामी जागा!

बुधवारी संध्याकाळी थोरली जिना चढून वर आली. हातात रेकॉर्ड. धाकटीचा नवरा वर्तमानपत्र वाचत होता, त्याने वहिनीचा चेहरा बघितला आणि वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

“काय गं,” थोरली म्हणाली, “मी इतर काय गायले?”

“अहो जाऊबाई, ते ऑफिसचं असतं... यंत्र असतं ना...”

“यंत्राला कान असतात का? खोक्यात कोण बसलेलं? तू! दोरीवरून बोलले म्हणून असा सूड? अगं, चार दिवस पांघरुणं नसती वाळत घातली मी!”

“सूड कसला, जाऊबाई!”

“मग काय खटकलं ते सांग. तोंडावर सांग. चांदण्या खटकल्या? चिमणी खटकली? सातव्यात ससा आहे, त्याच्या मनात काय पाप दिसलं तुला?”

धाकटीने तोंड उघडलं. ‘झोपले होते’ हे दोनच शब्द जिभेच्या टोकाशी आले होते. पण त्यामागून तो सही केलेला कागदही आला. तिने तोंड मिटलं.

थोरलीने रेकॉर्ड टेबलावर ठेवली. आवाज एकदम खाली आला तिचा. “पाळणाघरातून मला उद्यापासून येऊ नका म्हणालेत. आईबापांनी सह्या केल्या. लाल स्टिकरवाल्या बाईच्या हातात लेकरं द्यायची नाहीत म्हणे. पुढच्या गुरुवारी तुमच्या ऑफिसात फेरसुनावणी आहे. लाल राहिलं, तर मी कायमची घरी. एकोणीस वर्षं झाली गं तिथे मला.”

आणि गेली खाली. एका पायरीवरही आवाज केला नाही तिने. भांडून गेली असती तर धाकटीला बरं वाटलं असतं.

तिकडे बाजारात तोवर नुसता धुमाकूळ. रेकॉर्डच्या दुकानदाराने आयुष्यात कधी अंगायांच्या तीनपेक्षा जास्त रेकॉर्ड मागवल्या नव्हत्या. त्याच्या दुकानापुढे सकाळी सातला रांग, तीही कोपऱ्यावरून वळून पार दवाखान्यापर्यंत. दवाखान्यातले चार पेशंट औषधाची रांग समजून तिच्यात उभे राहिले, रेकॉर्ड घेऊन घरी गेले आणि सगळ्यात आधी तेच बरे झाले.

लोक रेकॉर्ड आणायचे, दारंखिडक्या लावायचे, मुलांना आजोळी धाडायचे आणि कान टवकारून बसायचे. आता येईल, मग येईल. पहिल्या गाण्यात काही नाही. दुसऱ्यात काही नाही. तिसऱ्यापर्यंत अर्धे आडवे. चौथं गाणं पूर्ण ऐकलेला माणूस अख्ख्या गावात सापडेना. आणि जिथे माणूस पोहोचत नाही, तिथे अफवा आधी पोहोचते.

“बाराव्यात आहे ते,” शिंपी म्हणाला.

“तुम्ही ऐकलं?”

“मी पाचव्याला गेलो. पण माझ्या साडूच्या शेजाऱ्याने ऐकलंय. तो सांगतच नाही, नुसता लाल होतो.”

“मला तर सातव्यातल्या सशाचाच संशय आहे,” औषधवाला म्हणाला. “एवढं हळू बोलायचं काय कारण सशाने?”

खाटकाने पैज लावली, की मी बारावं ऐकून दाखवतो. त्याने पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले आणि मिशीला कपड्यांचा चिमटा लावला. दुसऱ्या दिवशी लोकांनी दार उघडलं, तर बर्फाचं पाणी कोमट झालेलं आणि गडी चिमट्यासकट घोरतोय. प्रत्येक घोरण्यागणिक चिमटा छताकडे बघायचा. दोन चुलतभावांनी आळीपाळीने ऐकायचं ठरवलं, एक झोपला की दुसऱ्याने जागायचं. दोघंही आपलीच पाळी झोपायची समजले. सगळं गाव गुलाबी, टवटवीत दिसायला लागलं. बायको नवऱ्यावर खेकसेना, गिऱ्हाईक दुकानदारावर ओरडेना. आणि जो तो एकमेकांना म्हणायचा, “भयंकर रेकॉर्ड आहे हो. बंदीच घातली पाहिजे. तुम्ही कितव्यापर्यंत पोहोचलात?”

जागी होती ती फक्त पाळणाघरातली बावीस लेकरं. थोरलीच्या जागी एक नवी बाई ठेवली होती. बाई शिकलेली होती, पण तिने अंगाई म्हटली की लेकरं तिच्याकडे हिशेब तपासणाऱ्यासारखी बघायची आणि मग एकदम भोंगा पसरायची. धाकटीची ऑफिसची वाट तिथूनच जायची. रोज तो बावीस भोंग्यांचा गजर कानावर यायचा, आणि रोज तिला वाटायचं, हे माझ्याच नावाने रडतायत. जेवण जाईना. वर भरीला भर, घरी गेलं तर दोरी रिकामी. थोरलीने पांघरुणं घरात वाळत घालायला सुरुवात केली होती. सगळी दोरी आपली झाली तर माणसाला आनंद व्हावा की नाही? धाकटीला तिथे एक रुमाल टाकवेना.

गुरुवार उजाडला. सुनावणीची खोली म्हणजे मोठ्या साहेबांची खोली. तिथे तीन खुर्च्या, तीन हेडफोन, तीन हिरवी बटणं. मोठे साहेब मधे, एका बाजूला चष्म्याच्या साखळीवाल्या उपसाहेब बाई, दुसऱ्या बाजूला गुणगुण्या, कारण तो आता सगळ्यात जुना झाला होता. कोपऱ्यात स्टुलावर थोरली, मांडीवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखी. रेकॉर्ड लावायचं काम पहिल्या ऐकणारीचं, म्हणजे धाकटीचं. आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर पाळणाघराच्या मोठ्या बाई, निकाल ऐकायला आलेल्या. कडेवर त्यांनी बावीसमधलं सगळ्यात खवट पोर आणलं होतं, कारण ते कुणाकडे राहतच नव्हतं. आठवडाभर दुपारचा डोळा मिटला नव्हता त्याने. सगळा जिना डोक्यावर घेतला होता.

“आपण जबाबदार माणसं आहोत,” मोठे साहेब म्हणाले. “प्रत्येक शब्द तोलून ऐकायचा. लावा.”

धाकटी या वेळी तयारीनिशी आली होती. तिने कानात कापसाचे एवढाले बोळे कोंबले होते. तिने सुई ठेवली, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून भोंग्याचाही आवाज वाढवला.

पहिलं गाणं संपलं. साहेबांनी बटण दाबलं, पण जरा उशिराच, आठव्या आकड्याला. दुसऱ्या गाण्याला उपसाहेब बाईंचा चष्मा साखळीवर येऊन लोंबकळला. तिसऱ्याला गुणगुण्याने डोकं साहेबांच्या खांद्यावर टेकलं, आणि साहेबांनी झोपेतच त्याला थोपटलं. टक्‌. टक्‌. टक्‌. एका वेळी तीन लाल ठिपके.

थोरलीला काही झोप येत नव्हती. आपल्या हाताने आपल्याला गुदगुल्या होतात का? ती बिचारी डोळे विस्फारून पट्टीकडे बघत होती. तिला पाठमोरी डोकी दिसत होती, मान खाली घालून विचार करणारी, आणि प्रत्येक गाण्याला तीन लाल. तिला वाटलं, तिघांनाही पटलं नाही. सशालाही लाल पडलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते धाकटीने बघितलं. तिची तीन बोटं हिरव्या बटणांवर जायला शिवशिवत होती. उरलेली पाच गाणी हिरवी केली असती, तर उठल्यावर तिघांपैकी एकानेही हूं की चूं केलं नसतं. पण सात तर आधीच लाल झाली होती, आणि थोरली तिच्याकडेच बघत होती. धाकटीला ते डोळे सोसवेनात. ती सरळ थोरलीपाशी गेली, तिच्या कानाशी वाकली, आणि हळूच सांगितलं.

हळूच म्हणजे तिच्या मते. कानात कापूस असल्यावर माणसाला आपला आवाज कळतो थोडाच!

“जाऊबाई, मी झोपले होते!”

खिडकीच्या काचा थरथरल्या. तिघं ताडकन उठले.

“कोण झोपलं?” साहेब ओरडले.

“मी नाही!” उपसाहेब बाई म्हणाल्या.

“मी तर डोळे मिटून ऐकतो,” गुणगुण्या म्हणाला. “खोलात जाता येतं.”

धाकटीने कानातला कापूस उपसला. साहेबांनी पट्टी हातात घेतली. लालच लाल. त्यांनी एकदा उपसाहेब बाईंकडे बघितलं, एकदा गुणगुण्याकडे, आणि घसा खाकरला. झोपलो म्हणण्यापेक्षा घातक म्हणणं सोपं, नाही का? “हं. गंभीर आहे. तिघांचंही एकमत दिसतंय. लाल कायम. कारण इतर. आता तपशिलाच्या रकान्यात काहीतरी...”

“तपशील मी लिहिते,” धाकटी म्हणाली. तिने हातातला कापूस टेबलावर ठेवला, पेन घेतलं, आणि ‘इतर’पुढच्या रिकाम्या जागेत मोठ्या अक्षरात लिहिलं: झोप. “मी झोपले म्हणून बारा लाल पडले, साहेब. माझी तिसरी खेप आहे. कागदावर सही आहे माझी, मला घरी पाठवा. पण गाण्यात खोट नाही. आणि हे बाकीचे लाल तुमच्या घोरण्याचे आहेत.”



थोरली स्टुलावरून उठली. धाकटीला वाटलं, आता ही चारचौघांत थोबाडीत देणार. तिने गाल पुढे करून ठेवला.

“कितव्याला?” थोरली म्हणाली.

“काय कितव्याला?”

“झोपलीस कितव्या गाण्याला?”

“पहिल्याच. दुसरं कडवंसुद्धा पुरतं झालं नाही हो, जाऊबाई.”

“पहिल्याच!” थोरलीचा चेहरा असा फुलला, की खोलीतला दिवा कुणी बंद केला असता तरी चाललं असतं. “अगं बाई! दुसऱ्या कडव्याला! एवढी घोडी झालीस तू, दोन लेकरांची आई, दिवसाउजेडी, आणि माझ्यावर रुसलेली, तरी? मग हे आधी का नाही सांगितलंस मेले? मी आठ दिवस रडतेय, की माझ्या गाण्यात काय घाण निघाली!”

आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून ‘मेले’ निघालं. उपसाहेब बाईंनी सवयीने ते टिपूनही घेतलं.

“आणि हे तिघे?” थोरलीने साहेबांकडे असं बघितलं, जसं आई पहिल्या नंबराच्या पोराकडे बघते. “साहेब कितव्याला गेले?”

“मी काही गेलो वगैरे...” साहेबांनी सुरुवात केली. तेवढ्यात दार उघडलं. पाळणाघराच्या मोठ्या बाई उभ्या. बावीस लेकरांच्या कलकलाटात सगळी हयात गेलेली बाई, तिला अंगाईने काही होत नव्हतं. पण खांद्यावरचं ते खवट पोर तोंड उघडं टाकून, लाळ गाळत, गाढ झोपलेलं.

“दाराच्या फटीतून ऐकू आलं तेवढंच,” बाई कुजबुजल्या. “आठवड्यात पहिल्यांदा. लाल असो नाहीतर हिरवं, मला ही बाई उद्या एकच्या ठोक्याला स्टुलावर हवी. त्या सह्या करणाऱ्या आईबापांशी मी बघते. चार दुपारी त्यांच्या मांडीवर टाकते ही बावीस भुतं, घरी येऊन माफी मागतील.”

“हळू बोला,” गुणगुण्या म्हणाला. “उठेल ते.”

धाकटीला साहेबांनी घरी पाठवलं नाही. पाठवणार कसे? झोपणाऱ्याची नोकरी जाते असं लिहायचं, तर यादीत तिच्या नावाच्या वर आणखी तीन नावं आली असती. शिक्षा मात्र केली. तिची बदली झाली बँडच्या टेबलावर: ढोल, तुताऱ्या, पलटणींची संचलनं, सकाळी नऊपासून.

स्टिकरचं काय झालं? तो काही निघाला नाही. निघायला बारा हिरवे ठिपके लागतात, आणि तेवढं जागणारा माणूस ऑफिसला अजून मिळालेला नाही. आता त्यावर छापलेलं असतं: ‘सावधान! फक्त मोठ्यांसाठी. कारण: इतर. तपशील: झोप.’ लोकांचं समाधान झालं असेल म्हणता? छे! शिंपी म्हणाला, खरं कारण दाबलं, वरून दबाव आला. औषधवाल्याकडे पक्की बातमी, की जुन्या स्टिकरवाल्या रेकॉर्डमध्ये ते होतं, नवीतून कापलं. रांग आणखी लांब झाली.

धाकटी सकाळभर पलटणी ऐकते. डोळा मिटायची सोय नाही, कानात नगारे, डोक्यात तुताऱ्या. जेवणाच्या सुट्टीत ती डबा उचलते आणि तडक पाळणाघर गाठते. पहिल्या दिवशी थोरलीने तिला नखशिखान्त बघितलं आणि शेवटच्या पाळण्यापाशी एक चटई टाकली.

“जाऊबाई, आज जागी राहून सगळी ऐकणार आहे हं मी. वचन.”

“पड गप,” थोरली म्हणाली. “वचन म्हणे.”

एकचा ठोका पडला. थोरलीने गळा साफ केला. पहिलं कडवं संपता संपता बाविसच्या बावीस आडवी झाली. दुसऱ्यात तेविसावी.